सूनबाईंचा सापळा

उंदीर आमच्या माळ्यावर आणि पिंजरा काकूंकडे, म्हणून सकाळी साडेसातला मी कंपाऊंडच्या भिंतीपाशी गेले. काम दोन मिनिटांचं होतं. घरात परत शिरले तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि आमच्या ह्यांनी स्वतःचा डबा स्वतःच भरून नेला होता. ह्याला काकू जबाबदार. त्यांच्याहून जास्त त्यांची सून जबाबदार, आणि ती तर सातासमुद्रापलीकडे त्या वेळी झोपायच्या तयारीत असणार.

काकू ऑक्टोबरात धाकट्या मुलाकडे कॅनडाला गेल्या त्या परवा परतल्या. पहिल्या दिवशी भिंतीवरून चॉकलेटं आली, दुसऱ्या दिवशी मेपलचा पाक आला. खरा ऐवज त्यांनी तिसऱ्या दिवसापर्यंत मुरत ठेवला होता, हे मला पिंजरा मागितल्यावर कळलं.

काकू कढीपत्ता खुडत होत्या. पिंजऱ्याचं नाव काढताच त्यांचा हात थांबला. इकडेतिकडे बघून त्या भिंतीला टेकल्या.

"कुणाजवळ बोलणार नसशील तर सांगते. आमच्या सूनबाईनं सापळ्यांचा कोर्स केलाय."

"कसल्या सापळ्यांचा?"

"जनावरं धरायच्या. धरायची, सोलायची, कातडं ताणून वाळवायचं आणि लिलावाला पाठवायचं. फर गं, फर! लायसन आहे तिच्याकडे. फ्रिजवर लावून ठेवलंय, नातीच्या चित्राशेजारी."

ही सून मिरजेची. लग्नात झुरळ दिसलं म्हणून शालूसकट खुर्चीवर चढलेली ही मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि काकूंच्या घरात अंडं शिरायला १९९५ साल उजाडलं, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीनं.

"सोलते? सून?"

"हळू बोल. देवघराची खिडकी उघडी आहे."

त्याचं असं झालं. धाकटा नॉर्थ बेला कॉलेजात शिकवतो. टोरांटोहून उत्तरेला सुमारे साडेतीनशे किलोमीटर, निपिसिंग तलावाच्या काठचं गाव. गावाबाहेर त्यांनी घर घेतलं, मागे थोडी झाडी आणि एक ओहोळ. घर बघताना सगळ्यांना तो ओहोळच आवडला होता. दुसऱ्या वर्षी त्या ओहोळात बीव्हर आले. बीव्हर म्हणजे मोठ्या कुत्र्याएवढा उंदीरच म्हण, चपट्या शेपटीचा, नारिंगी दातांचा. दातांत लोह असतं म्हणून तो रंग. झाडं कुरतडून पाडायची, काटक्या आणि चिखल रचून बांध घालायचा आणि मागे आपला तलाव करून राहायचं, हा त्यांचा धंदा. महिनाभरात गाडीच्या रस्त्यावर घोटाभर पाणी. धाकट्यानं बांध फोडला. रात्रीत पुन्हा उभा. फोडला. पुन्हा उभा.

"आपल्याकडचा कंत्राटदार असा मिळाला असता तर!" मी म्हटलं.

मग पलीकडच्या घरातले एक आजोबा आले. सत्तरीचे, आयुष्यभर सापळे लावलेले. नाव सांगत नाही, परक्या माणसाचं नाव कशाला भिंतीवर टांगायचं. त्यांनी रीतसर कागद करून दोन बीव्हर काढले. धाकटा पडदा ओढून आत बसला. सूनबाई मात्र बूट घालून आजोबांच्या मागे गेली, आणि परत आली ती हे कसं शिकायचं ते विचारूनच.

"आणि आजोबा काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी वर्गात बैस."

इथे काकूंच्या मागून, व्हरांड्यातल्या वर्तमानपत्राआडून काकांचा आवाज आला: "चाळीस तास! किमान!" काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. काकू गोष्ट सांगतात आणि काका आकडे पुरवतात, अशी त्या घरातली वाटणी आहे.

ऑन्टारियोत सापळ्याचं लायसन हवं तर हा चाळीस तासांचा कोर्स आणि परीक्षा. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी सापळा हातात देत असतील. छे. आधी कायदा. कुठलं जनावर कधी धरायचं, किती धरायचं, कुणाच्या जमिनीत कुणाची लेखी परवानगी लागते. सरकारी जंगलात तर आखून दिलेले पट्टे असतात, एकेका माणसाच्या नावावर. ब्रिटिश कोलंबियानं ही नोंदणी १९२६ च्या सुमाराला सुरू केली आणि मग बाकीच्या प्रांतांनी. पट्टा रिकामा व्हायची वाट बघत लोक वर्षानुवर्षं बसतात. तोवर नवख्यानं कुणाच्या तरी हाताखाली मदतनीस म्हणून हिंडायचं, नाहीतर खाजगी जमिनीत मालकाच्या परवानगीनं लावायचं. सूनबाईची स्वतःची जमीन होती, ओहोळ होता आणि त्यात वैरी होता. तिचं सोपं झालं.

"हंगाम संपला की किती धरले त्याचा हिशेब सरकारला द्यायचा," काकू म्हणाल्या. "आणि हंगाम थंडीतच. उन्हाळ्यात कातडं फुकट. थंडी पडली की खालची लव दाट होते, तेव्हाच त्याला भाव."

आता नवखा माणूस सुरुवात कशापासून करतो? बीव्हरपासून नाही. तो जड, त्याचा सापळा जहाल. शिकाऊ माणसानं मस्करॅटपासून सुरू करायचं म्हणे. हे काकूंनी फोनवर ऐकलं त्या दिवशी काकांनी कपाटातला जुना इंग्रजी-मराठी कोश काढला. त्यात मस्करॅट म्हणजे चिचुंद्री. पंधरा दिवस ह्या घरात अशी समजूत होती की सून कॅनडात चिचुंद्र्या धरून त्यांचे कोट शिवायला पाठवते. काकूंनी तर भावजयीला पत्ता लागू नये म्हणून फोन उचलणं सोडलं होतं. इंग्रजांनी आपल्या चिचुंद्रीला वासावरून मस्करॅट म्हटलं, आणि अमेरिकेतल्या तळ्यात राहणारा तो घुशीएवढा प्राणीही मस्करॅटच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोशकाराला काय माहीत, की पुढे सांगलीत कुणाची झोप उडणार आहे.

"काकू, पण सापळा म्हणजे तो दातेरी? सिनेमात अस्वलाचा पाय अडकतो तसला?"

"तसले केव्हाच गेले. तिनं मला दाखवलाय. दोन चौकटी एकमेकींत अडकवलेल्या, बाजूला स्प्रिंगा. जनावर मधून जायला लागलं की चौकट फिरते आणि मानेवर बसते. कुणा फ्रँक कॉनिबेअरनं काढला. तो स्वतः तिकडे वर उत्तरेत सापळे लावायचा. पायात अडकून रात्रभर तडफडणारी जनावरं बघून त्याचं मन विटलं. तडफड न होता लगेच मरेल असं काहीतरी काढायचं म्हणून कितीतरी वर्षं खटपट केली."

"पेटंट १९५० च्या दशकातलं," व्हरांडा म्हणाला. "लहान ११०, मधला २२०, बीव्हरचा ३३०."

३३० हातावर बसला तर हाड मोडतं. म्हणून वर्गात सापळा लावायच्या आधी स्वतःला सोडवायला शिकवतात. खिशात कायम दोरी ठेवायची. एक हात अडकला तर दुसऱ्या हातानं ती स्प्रिंगच्या कड्यातून ओवायची, टोक पायाखाली दाबायचं आणि ओढायचं. सूनबाईनं हे शंभरदा केलं, डोळे मिटून केलं. धाकटा स्टॉपवॉच घेऊन उभा. संसारात नवऱ्याचा एवढा उपयोग व्हायलाच हवा.

"आणि जनावर? खरंच लगेच मरतं?" मी विचारलंच.

काकू गप्प. वर्तमानपत्र खाली आलं. "१९९७ चा करार आहे. कॅनडा, रशिया आणि युरोप. सापळा तपासून घ्यायचा. अर्मिन आणि मार्टेन म्हणजे मुंगसासारखी लहान जनावरं. अर्मिनला ४५ सेकंद, मार्टेनला १२०, बाकीच्यांना ३००. तेवढ्यात शुद्ध गेली पाहिजे, शंभरातल्या निदान ऐंशींची. नाहीतर सापळा नापास."

"३०० म्हणजे पाच मिनिटं," काकू म्हणाल्या. "कागदावर थोडी वाटतात. कुकरसमोर शिट्टीची वाट बघत उभी राहा, मग कळतं पाच मिनिटं किती असतात ते." मग जरा थांबून, "चांगला सापळा नीट लावला तर खूप लवकर होतं म्हणते. म्हणूनच नीट लावायला शिकायचं म्हणते. मी काय बोलणार? आपण फ्लॉवर चिरताना अळी दिसली तर तिला झाडावर नेऊन सोडतो का?"

मी काही बोलले नाही. आमच्या माळ्यावरच्या उंदरासाठी मी पिंजरा मागायला आले होते आणि तो मिळाला नसता तर दुकानातून उंदराच्या औषधाच्या वड्या आणणार होते. त्यानं उंदीर किती सेकंदांत मरतो हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

काकूंचं बोलणं पुन्हा रुळावर आलं ते तव्याच्या वाटेनं. नवा सापळा कारखान्यातून तेलानं माखून येतो. तसाच लावला तर जनावर वासानंच मागे फिरेल. म्हणून मोठ्या भांड्यात झाडाच्या सालीबरोबर उकळायचा. सालीनं तो काळपट होतो, चकाकी जाते, गंज कमी चढतो. "आपण नवा बिडाचा तवा कसा बाळंतिणीसारखा सांभाळतो? कांदा परतायचा, तेल द्यायचं, साबण लावायचा नाही. तसंच. त्यांच्या अंगणात चूल मांडलेली बघून मला पहिल्यांदा वाटलं, आता ही पोरगी कामाची झाली."

मग हातमोजे. माणसाच्या हाताचा वास लोखंडाला लागू द्यायचा नाही, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे बीव्हर, मस्करॅट, ससे ह्यांच्यापासून माणसाला टुलारेमिया नावाचा ताप येतो. तेव्हा सोलताना मोजे हवेतच. सूनबाई ह्या बाबतीत फार कडक. नातीनं नुसतं बोट लावलं तरी हात धुवायला पाठवते.

थंडी पडली, ओहोळ गोठला. बीव्हर काही झोपत नाही हं हिवाळ्यात. पाण्याखाली फांद्यांची बेगमी करून ठेवतो आणि बर्फाखालून ये-जा करत कुरतडत बसतो. आपण आगोटीची तयारी करतो, तशी त्याची हिवाळ्याची. घराच्या तोंडाशी त्याची पाण्यातली वाट कुठे आहे ते बर्फावरून ओळखायचं, भोक पाडायचं आणि दोन काठ्यांमध्ये सापळा बसवून खाली सोडायचा. आजोबांनी जागा दाखवली नाही, तीन आठवडे. ती दाखवेल त्या प्रत्येक जागेला नुसतं "का?" म्हणायचे. तीन आठवडे सापळा रिकामा. चौथ्या आठवड्यात सकाळी उणे पंचविसात सूनबाई घरात आली, बूट न काढताच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि रडली.

"का? काही मिळालं नाही म्हणून?"

"मिळालं म्हणून."

काकूंनी कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर ठेवली. पलीकडच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, दोघींनीही त्याला हाक मारली नाही.

"मग तिनं डोळे पुसले आणि आजोबांना फोन केला, आता सोलायला शिकवा म्हणून. पहिल्याला चार तास लागले, आजोबांना अर्धा तास पुरतो. बीव्हरचं कातडं पोटावर उभं उघडतात, मग पालथ्या लाकडावर टाकून दोन मुठींच्या सुरीनं चरबी खरवडायची. भोक पडलं की भाव गेला. आणि फळीवर लंबगोल ताणून कडेनं खिळे. पुरणपोळीएवढी गोल यायला तिला पाच कातडी लागली असती, चारच मिळाली."

"मार्टेनचं वेगळं!" काका.

"हो, मार्टेनचं उघडायचंच नाही. उशीचा अभ्रा उलटा करतात तसं ओढून काढायचं. आधी आतली बाजू बाहेर, थोडं सुकलं की पुन्हा सुलट. आणि शेगडीजवळ वाळवायचं नाही, चरबी करपून कातडं कुजतं. थंड खोलीत, वाऱ्यावर. कुरडया जपतो तसं."

ही तुलना काकूंच्या तोंडून निसटली आणि त्यांच्याच लक्षात आली. त्यांनी रामराम म्हटलं.

विषय बदलायला मी विचारलं, ह्यात पैसे तरी मिळतात का. काका उठूनच आले. फरचं मोठं लिलावघर नॉर्थ बेलाच आहे, फर हार्वेस्टर्स ऑक्शन. चीनचे, युरोपचे व्यापारी तिथला माल उचलतात. पण धंदा उतरणीला. २०१९ ला टोरांटोकडचं मोठं लिलावघर बसलं. कोटाच्या टोपीला कायोटची, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या जनावराची, झालर लावणाऱ्या कॅनडा गूजनं २०२१ मध्ये फर सोडायचं जाहीर केलं. आणि ज्या हडसन्स बे कंपनीनं १६७० पासून ह्याच कातड्यांवर साम्राज्य उभं केलं, बीव्हरच्या कातड्यात बंदूक-घोंगड्यांचे भाव ठरवले, तिची शेवटची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली. "सूनबाईचा हंगाम म्हणजे चार बीव्हर आणि अकरा मस्करॅट. बूट, सापळे, फी, पेट्रोल वजा जाता शुद्ध तोटा. मी वही घातली आहे."

"जुन्या कोटाचं सांगा की," काकूंनी आठवण केली.

काका खुलले. युरोपात बीव्हरच्या आतल्या लवेपासून टोप्या व्हायच्या. वरचे राठ केस काढणं जिकिरीचं काम. तिकडचे मूळ रहिवासी, ज्यांना गोरे इंडियन म्हणायचे, ती कातडी लोकर आत करून बराच काळ अंगावर वागवायचे, घासून घासून राठ केस झडून जायचे. म्हणून व्यापारी कोऱ्या कातड्यापेक्षा वापरलेल्याला जास्त भाव द्यायचे. "जुनी साडी बोहारणीला देऊन वर पातेलं घेण्यातला प्रकार," काकू म्हणाल्या, "फक्त बोहारीण गोरी."

मला मधेच फासेपारध्यांची आठवण झाली. नावातच फास असलेले हे लोक, कुठल्या पायवाटेवरून तित्तर जाईल हे गवत बघून सांगणारे. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याच्या यादीत पुढे पारधीही गेले. १९५२ ला यादी रद्द झाली, पण पोलीस अजून पहिल्यांदा त्यांच्याच पालावर जातात. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सापळा लावणं म्हणजे शिकारच. कायदा हवाच होता, जंगलात उरलंय काय? तरी त्या चाळीस तासांच्या वर्गाबद्दल ऐकताना मनात आलं, ज्यांना ते आजन्म येत होतं, त्यांना कुणी खडूसुद्धा दिला नाही. काकूंना हे बोलले तर त्या "हो गं" म्हणाल्या आणि थोडा वेळ दोघी तशाच.

"पण सगळ्यात मजा त्या घुबडाची," त्या एकदम म्हणाल्या. ग्रे आऊल, म्हणजे करडं घुबड, असं नाव घेतलेला एक माणूस. नॉर्थ बेच्या वर टेमागामीचं जंगल, तिथे तो सापळे लावायचा. बायको अनाहारेओ, जवळच्याच मटावाची. एकदा बीव्हरची मादी सापळ्यात गेली आणि तिची दोन पिलं मागे राहिली. बायकोनं हट्ट धरला, ती घरी आणली, दूध पाजलं. त्यानं सापळे कायमचे टाकले आणि बीव्हर वाचवा म्हणून पुस्तकं लिहिली, इंग्लंडात जाऊन राजासमोर व्याख्यान दिलं. अंगावर हरणाच्या कातड्याचे कपडे, दोन वेण्या, आपण अर्धे इंडियन म्हणून सांगायचा. १९३८ ला गेला आणि लगेच कळलं की साहेब इंग्लंडातल्या हेस्टिंग्जचे आर्ची बेलानी. इंडियन रक्ताचा थेंब नाही. आणि बायका किती, ते काकूंनी बोटांवर मोजून दाखवलं, एका हाताची पुरली नाहीत असं मला वाटलं.

"बातमी कुणी फोडली? नॉर्थ बेच्याच पेपरनं, नगेटनं. त्यांना आधीच ठाऊक होतं. तीन वर्षं पोटात ठेवलं, तो मरेपर्यंत! मला इथे तीन दिवस निघेनात."

आतून कुकर वाजला. काकू हलल्या नाहीत, म्हणजे अजून काहीतरी होतं.

"तुला आणखी एक सांगू? बीव्हरचे पाय छाटले की कातड्याला चार भोकं राहतात. ती शिवून बंद करायची असतात, बारीक, चुणी न पडता. तिचा टाका म्हणजे पोत्याला घालतात तसला. उसवलं, घातलं, उसवलं. रात्रीचे साडेअकरा. मी पाणी प्यायला उठले होते." काकूंनी आवाज व्हरांड्यात जाणार नाही एवढा खाली आणला. "मी म्हटलं, सरक. मोजे दे."

काकूंनी आयुष्यात शिवलेल्या गोधड्या ह्या गल्लीत सात घरांत आहेत.

"चारही?"

"चारही. मग आंघोळ केली, उणे तीसमध्ये, डोक्यावरून. दुसऱ्या दिवशी आजोबा आले, फळीवर हात फिरवला आणि तिला विचारलं, हे कुणी घातलेत टाके? चाळीस वर्षांत असे बघितले नाहीत म्हणाले." त्यांनी कढीपत्ता उचलला. "ह्यांना सांगू नकोस. वहीत लिहून ठेवतील."

पिंजरा मिळाला, पण तसा नाही. आधी काकूंनी तो चिंचेच्या पाल्याबरोबर उकळला, मग कागदात धरून भिंतीवरून दिला. भजं मोठं लावू नकोस, बोराएवढं पुरे. भिंतीच्या कडेनं ठेव, उंदीर मधून चालत नाही. पहिली रात्र झडप बांधून ठेव, खाऊ दे त्याला. उघड्या हातानं शिवू नकोस.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात घूस होती. उंदीर नव्हे, घूस. मी पिंजरा काठीला अडकवून भिंतीवर ठेवला आणि काकूंना हाक मारली. काकू आल्या, वाकून पाहिलं, पिंजरा जरा आपल्याकडे ओढला आणि काही कळायच्या आत व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे दहा. सूनबाईचा चेहरा आला, केसांना क्लचर, मागे फ्रिज.

"अय्या, केवढी आहे! कधी लावला होता? चोवीस तासांच्या आत बघितला ना?" आणि मग, डोळे बारीक करून, "आई, मोजे घातलेत का?"

काकूंनी मोकळा हात पदराआड घेतला आणि फोन माझ्याकडे वळवला.